आजीची मशेरी आणि आबांचा चुना

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुपवाडमध्ये एमडीचा, म्हणजे मेफेड्रोनचा, मोठा साठा पकडला, तेव्हा सांगलीत आमच्या घरी आठवडाभर दुसरा विषय नव्हता. आजी टीव्हीसमोर बसून कपाळाला हात लावायची, "काय ही नशेची पोरं!" आणि मग डबी उघडून, बोटावर मशेरी घेऊन परसात जायची.

आमच्या घरात मशेरी हे व्यसन धरतच नाहीत. ते दात घासणं. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची, डबीत भरायची. भाजताना गल्लीभर ठसका. आजीला ती लागली नऊ-दहा वर्षांची असताना. दाढ ठणकत होती म्हणून तिच्या आईनंच पहिलं बोट लावून दिलं. पुढे उठल्यावर, चहाआधी, रानातून आल्यावर, निजताना असं दिवसाला पाच-सहा वेळा चालू झालं. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी बिडी-सिगारेट ओढणारे ३.८ टक्के निघाले, आणि मशेरी, मळलेली तंबाखू, गुटखा असं बिनधुराचं काही घेणारे २४.४ टक्के. म्हणजे आपल्याकडचं मोठं व्यसन धूर काढतच नाही, मग दिसणार कसं?

आजीला एकदा विचारलं, मशेरी लावली की बरं वाटतं का गं? म्हणाली, "बरं कसलं! न्हाई लावली तर डोकं उठतं."

या एका वाक्यात बरंच शास्त्र आहे. मेंदूच्या खोल भागात पेशींचा एक छोटा पुंजका आहे. त्याचे तंतू पुढच्या भागात जाऊन डोपामिन नावाचं रसायन सोडतात. तंबाखूतलं निकोटिन या पेशींना चेतवतं, मेफेड्रोन तेच डोपामिन वेगळ्या वाटेनं आणि फार जोरात उसळवतं. डोपामिनला 'आनंदाचं रसायन' म्हणायची पद्धत पडली आहे, ती मला पटत नाही. वोल्फ्राम शुल्ट्झ या मेंदूशास्त्रज्ञानं माकडांवर प्रयोग केले. अचानक फळाचा रस मिळाला की या पेशी चेततात. पण रसाआधी दर वेळी एक खूण दिली, तर काही दिवसांनी पेशी खुणेलाच चेततात, रस आल्यावर गप्प राहतात. आणि खूण होऊनही रस आला नाही, तर त्यांची हालचाल नेहमीपेक्षाही खाली जाते. म्हणजे हे रसायन सुखाचा हिशेब ठेवत नाही. आता काय मिळणार, याची वाट पाहायला ते शिकवतं. आजीच्या बाबतीत ती खूण म्हणजे चुलीवर उकळणारा चहा. तलफ उठते ती तिथे.

शिवाय निकोटिन रोज मिळत राहिलं की ते पेशींवरच्या ज्या जागांना चिकटतं, ते मेंदूतले ग्राहक (रिसेप्टर) वाढतात. रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्मं होतं, आणि हे वाढलेले ग्राहक उपाशी राहतात. मग चिडचिड, डोकं जड, झोप नाही, पोटही साफ होत नाही. "मशेरीशिवाय परसाकडे होत न्हाई" ही तक्रार बायकांचं खूळ म्हणून उडवून लावतात, पण निकोटिन तोडल्यावर बद्धकोष्ठ होणं हे ओळखीचं लक्षण आहे. सगळ्यात कठीण पहिले दोन-तीन दिवस. ग्राहकांची संख्या पूर्वपदावर यायला मात्र दीड ते तीन महिने लागतात. (दारूचं गणित निराळं. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम सोडली तर झटके येऊन जिवावर बेतू शकतं, तिथे डॉक्टर हवाच.)

खुणांची ताकद किती, याचा धडा व्हिएतनाम युद्धाने दिला. १९७१ च्या सुमारास तिथल्या अमेरिकी सैनिकांत हेरॉइन बोकाळलं होतं. ली रॉबिन्स या संशोधिकेनं परतलेल्या सैनिकांचा माग काढला. तिकडे पाचातला जवळजवळ एक जण आपण व्यसनी झालो होतो असं सांगत होता, पण घरी आल्यावर पहिल्या वर्षात त्यांतले पाच टक्क्यांच्या आसपासच पुन्हा त्या गर्तेत गेले. रान, छावणी, सोबती, सगळं मागे राहिलं होतं.

आजीचं उलटं झालं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला ती मामाकडे पुण्याला महिनाभर होती. एकदाही मशेरी मागितली नाही, आम्ही खूश. घरी आली, चूल पेटली, चहाला उकळी आली आणि तिसऱ्या दिवशी डबी बाहेर! सगळे म्हणाले, मनाचा निग्रह नाही. मला वाटतं, निग्रह तोच होता, चूल बदलली.

माझ्या धाकट्या बहिणीला दिवस गेले तेव्हा मी आजीला आणखी एक गोष्ट सांगितली. मुंबईत १,२१७ गरोदर बायकांची पाहणी झाली होती, तिचे निष्कर्ष २००४ मध्ये छापले गेले. बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी भरली, आणि त्यांतल्या बहुतेक बायका मशेरीच लावत होत्या. आजी काही बोलली नाही. तिची स्वतःची पाच बाळंतपणं झाली होती.

मग मशेरी सुटावी म्हणून तिने निकोटिनचा गम धरला. पहिल्या आठवड्यात "हे काय चिंगम, काडीचा उपयोग न्हाई" म्हणून फेकून देणार होती. पाहिलं तर ती गम तोंडात टाकून लगेच चहा पीत होती. गडबड तिथेच. निकोटिन तोंडाच्या अस्तरातून आत शिरायला तोंडात अल्कता लागते. आम्लता असली तर त्याचे कण विद्युतभारित होतात आणि अस्तर ओलांडत नाहीत. चहा, कॉफी, लिंबू सरबत, सगळ्यांनी हेच होतं. म्हणून गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना पाण्याशिवाय काही नको. शिवाय तो कचाकचा चावायचा नसतो. जीभ चुरचुरली की गालात दाबून ठेवायचा.

हे सगळं कसं समजवावं या विचारात मी होतो. तेवढ्यात आबांनी चंची उघडली, तंबाखूला नखभर चुना लावून अंगठ्यानं मळायला घेतली. चुना अल्कधर्मी, त्यानं तंबाखू 'लागते', हे रसायनशास्त्र त्यांच्या तळव्यावर साठ वर्षं चाललंय. मी तेच बोट दाखवून सांगितलं.

आजी म्हणाली, "म्हंजे चहा पिऊन मीच गमला चुना लावत हुते!"

आता चहा अर्ध्या तासानं होतो. आबांनाही थांबावं लागतं, आणि त्यांची कुरकुर चालू आहे.