"कोयना परिसरात सौम्य धक्का, धरण सुरक्षित": या चार ओळींच्या बातमीमागे काय आहे

सातारा-सांगलीकडचा पेपर वाचणाऱ्याला ही बातमी तोंडपाठ असते. कोयना परिसरात भूकंपाचा सौम्य धक्का, तीव्रता रिश्टर स्केलवर अमुक, केंद्रबिंदू कोयना धरणापासून अमुक किलोमीटर, वारणा खोऱ्यात, धरण सुरक्षित. आतल्या पानावर चार ओळी असतात, आपण वाचतो आणि पान उलटतो. पाटण तालुक्यात तर तेवढंही होत नाही, मांडणीवरची ताटं वाजली की लोक एकमेकांकडं बघतात, कुणीतरी म्हणतं "हलली", आणि चहा पुढं चालू. पण तो केंद्रबिंदू, ती खोली, ते अंतर इतक्या पटकन कुठून येतं, कोण मोजतं, आणि मुळात ते मोजायची वेळ का आली, याची गोष्ट मोठी आहे आणि ती आपल्याकडंच घडलेली असून आपल्यालाच नीट माहीत नसते, म्हणून हे लिहितोय.

सुरुवात धरणापासून. हेळवाकजवळ कोयना नदी अडवली, १०३ मीटर उंचीचा बांध घातला, मागं शिवसागर जलाशय झाला. कोयना खरं तर कृष्णेला मिळणारी, पूर्वेला जाणारी नदी, पण तिचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्यानं पश्चिमेला नेऊन पोफळीला खाली सोडायचं आणि त्यावर वीज करायची अशी ती योजना, आणि ते पाणी पुढं वाशिष्ठीत जातं. महाराष्ट्राच्या कारखान्यांना आणि मुंबईला वीज मिळाली ती अशी. त्यासाठी खोऱ्यातली गावंच्या गावं उठली, लोक सोलापूर, सांगली, ठाणे, रायगड असे पांगले, आणि तो विषय आजही मिटलेला नाही.

१९६२ च्या सुमाराला पाणी साठायला लागलं आणि लगेच बारीक बारीक हादरे सुरू झाले, सोबत जमिनीतून गडगडल्यासारखे आवाज. लोक सांगत होते. त्या काळी अभ्यासू मंडळींचं ठाम मत असं की दख्खनचं पठार म्हणजे घट्ट, जुना, हलता न येणारा भाग, भूकंप हे हिमालयाचं काम. तरीसुद्धा एक गोष्ट वेळेत झाली आणि तिचं श्रेय द्यायलाच पाहिजे. पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे, १९१६ सालचं, मूळ काम पाण्याचं, धरणांची मॉडेलं करून बघायचं. त्यांनी १९६३ पासून कोयनेच्या आसपास सिस्मोग्राफ बसवले. म्हणजे मोठा भूकंप व्हायच्या चार वर्षं आधी तिथं कान लावून कुणीतरी बसलं होतं. फक्त एक कमी राहिली ती कायमची, धरणाच्या आधी तिथं यंत्रच नव्हतं, त्यामुळं "आधीपण हलत असेल, कुणी मोजलं नाही एवढंच" असं म्हणायला जागा राहिली आणि तो वाद पुढं बरीच वर्षं चालला.

१९६७ च्या १३ सप्टेंबरला एक बऱ्यापैकी मोठा धक्का बसला. आणि मग ११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. तीव्रता ६.३. थंडीचे दिवस, सगळे घरात झोपलेले, दगडमातीच्या भिंती, वर कौलं. जवळपास २०० माणसं गेली, दोन हजारांच्या वर जखमी, कोयनानगरातली बहुतेक घरं पडली किंवा राहण्यासारखी उरली नाहीत. धक्का पुण्या-मुंबईला, गोव्याला, पार सुरत, हैदराबाद, बंगळूरपर्यंत जाणवला, मुंबईची वीज गेली. पाटणकडच्या म्हाताऱ्या माणसांशी बोललात तर ते वर्ष सांगत नाहीत, "भूकंपाच्या आदल्या साली" आणि "भूकंपानंतर" असंच सांगतात, लग्नं आणि जन्म त्यावरून मोजतात. माझी आजी शेवटपर्यंत रात्री दाराची कडी नुसती अडकवायची, खिट्टी कधी घातली नाही. बाहेर पळायला लागलं तर काय, एवढंच कारण.

आता इथून पुढं जे झालं ते जगाच्या पुस्तकात गेलं. धरणाच्या आतल्या गॅलरीत एक यंत्र बसवलेलं होतं, जोराचा हादरा मोजणारं, अ‍ॅक्सिलरोग्राफ. त्यानं धरणाच्या लांबीच्या दिशेनं ०.६३ जी एवढा धक्का नोंदवला, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ६३ टक्के. आणि धरणाचं डिझाइन धरलेलं होतं ०.०५ जी ला! बारा पटींहून जास्त. बांधाला वरच्या भागात, जिथं मागच्या बाजूचा उतार बदलतो बरोबर त्या उंचीवर आडव्या भेगा गेल्या, पण बांध उभा राहिला. तो उभा राहिला नसता तर खाली कराड, सांगली काय झालं असतं हा विचार मी पुढं करत नाही. नंतर भेगा भरून, पोलादी केबलनी आवळून, मागून जाड टेकू घालून त्याला मजबूत केलं, आणि सांडव्याच्या भागाचं मजबुतीकरण तर २००५-०६ पर्यंत चाललं. जगभरातले सिव्हिलचे विद्यार्थी काँक्रीटचं धरण भूकंपात कसं वागतं हे शिकताना अजून कोयनेचाच रेकॉर्ड वापरतात.

देशाचा भूकंपाचा नकाशापण बदलला. आधीच्या नकाशात "शून्य" नावाचा झोन होता, म्हणजे इथं भूकंपाचा विचारच नको. १९७० च्या सुधारणेत तो शून्य झोन काढूनच टाकला, आणि कोयनेचा भाग झोन चारमध्ये, म्हणजे जास्त धोक्याच्या पट्ट्यात गेला. भारतात शून्य धोक्याची जागा नाही हे सरकारनं कागदावर मान्य केलं ते पाटण तालुक्यातली माणसं गेल्यावर.

मग प्रश्न तो, पाण्यानं भूकंप होतो का. यावर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेनं, म्हणजे एनजीआरआयनं, आयुष्य घातलं असं म्हटलं तरी चालेल. हर्ष गुप्ता, बी. के. रस्तोगी, हरी नारायण ही त्यातली नावं. अमेरिकेत हूवर धरणाच्या लेक मीडजवळ १९३० च्या दशकात असे हादरे दिसलेले, चीनमध्ये शिनफेंगच्यांग, आफ्रिकेत करिबा, ग्रीसमध्ये क्रेमास्ता, या तिन्ही ठिकाणी १९६० च्या दशकातच ६ च्या वरचे धक्के बसले आणि सगळीकडं मागं नवा भरलेला जलाशय. त्याच सुमाराला अमेरिकेत डेन्व्हरजवळ लष्कराच्या एका कारखान्याचं खराब पाणी खोल बोअरमध्ये दाबून सोडत होते तर तिथंही जमीन हलायला लागली, म्हणजे साठवलेलं पाणी असो की दाबलेलं, गोष्ट एकच दिसत होती.

ती गोष्ट साधारण अशी. खोल खडकात जुनी भेग असते, म्हणजे फॉल्ट, आणि त्यावर लाखो वर्षांचा ताण आधीच साठलेला असतो. भेगेच्या दोन्ही बाजू एकमेकींवर दाबून बसलेल्या असतात, त्या पकडीमुळं सरकत नाहीत. वरून जलाशयाचं ओझं येतं ते एक, आणि पाणी झिरपत झिरपत खाली जातं आणि त्याचा दाब त्या बाजूंना आतून ढकलतो, पकड सैल पडते, ते दुसरं. मग ती सरकते. म्हणजे ताण पाण्यानं तयार केलेला नाही, तो होताच, पाण्यानं चाप ओढला. म्हणून शास्त्रज्ञ "ट्रिगर" हा शब्द मुद्दाम वापरतात आणि मला तो पटतो, कारण "धरणानं भूकंप केला" आणि "धरणाचा काही संबंध नाही" ही दोन्ही वाक्यं इतकी वर्षं चौकात ऐकली आणि दोन्ही अर्धवट आहेत.

हे नुसतं सांगून नाही चालत, आकडे लागतात, आणि कोयनेनं ते दिले. पावसाळ्यात पाणी चढलं की ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हादरे वाढतात, आणि परत डिसेंबर-जानेवारीत पाणी उतरताना वाढतात. पाण्याची पातळी किती भराभर चढली आणि आधीच्या सगळ्यात वरच्या पातळीच्या पुढं गेली का यावर मोठा धक्का बसायची शक्यता ठरते असं गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं, एका आठवड्यात १२ मीटरपेक्षा जास्त चढ हा त्यांनी दाखवलेला एक धोक्याचा आकडा. १९७३ ला, १९८० ला ५ च्या वरचे धक्के बसले. मग दक्षिणेला पंचवीस-तीस किलोमीटरवर वारणा धरण झालं, १९८५ पासून त्यात पाणी साठायला लागलं, आणि हादऱ्यांचा पट्टा तिकडं सरकला, १९९३ च्या डिसेंबरात आणि १९९४ च्या फेब्रुवारीत ५ च्या आसपासचे धक्के वारणा खोऱ्यात. पाणी जिकडं गेलं तिकडं भूकंप गेला, यापेक्षा सरळ पुरावा काय असणार. बातमीत "वारणा खोऱ्यात" हा शब्द आला तो इथून.

सगळं मिळून ५ च्या वरचे वीसेक धक्के, ४ च्या वरचे २०० च्या आसपास, आणि बारीक तर हजारोंनी, आणि हे सगळं फक्त साधारण २० बाय ३० किलोमीटरच्या पट्ट्यात, दहाएक किलोमीटर खोलीच्या आत. जगात कुठंच इतकी वर्षं, इतक्या छोट्या जागेत असं चालू नाहीये.

मध्ये किल्लारी झालं, ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट, दहा हजारांच्या आसपास माणसं. तिथं कोयनेसारखं नव्हतं. पण किल्लारीला एनजीआरआयनं ६१७ मीटर खोल बोअर घेतलं आणि ३३८ मीटरवर काळा कातळ संपून खालचा जुना खडक लागला, म्हणजे वरून बघून न कळणारी गोष्ट भोक पाडून कळते हे आपल्याकडं पहिल्यांदा नीट दिसलं.

तोच धागा पुढं कोयनेत. केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयानं इथं भूकंपाच्या जागेपर्यंत बोअर घ्यायचं ठरवलं. मार्च २०११ मध्ये हैदराबादला देशोदेशीच्या तज्ज्ञांची बैठक झाली, आणि पहिलं बोअर रासाटीला, १५२२ मीटर. काळा कातळ ९३२ मीटरवर संपला, खाली एकदम ग्रॅनाइट-नाइस, म्हणजे तो जुना खडक. अशी एकूण नऊ बोअर घेतली, काही ठिकाणी कातळाची जाडी चारशे मीटर, काही ठिकाणी साडेबाराशे. दोन्हींच्या मध्ये गाळाचा थर असेल असा अंदाज होता तो कुठंच मिळाला नाही. सहा बोअरमध्ये खाली सिस्मोमीटर सोडून ठेवले, म्हणजे वरच्या गाड्या, वारा, पाणी यांचा गोंगाट न ऐकता आतलं ऐकता येतं.

बोअरमधून जो खडक निघतो त्याला कोअर म्हणतात, लांब दंडगोल, लांबट पेट्यांत ओळीनं लावून ठेवतात. काळा बसाल्ट, त्यात पांढरे खडे भरलेले, मध्येच विटकरी तांबडा थर, म्हणजे एक लाव्हा येऊन थंड झाला, त्यावर माती झाली, मग पुढचा लाव्हा. साडेसहा कोटी वर्षांची ही थप्पी. आणि शेवटच्या पेट्यांत रंगच बदलतो, करडा-गुलाबी खडक, कित्येक पट जुना. भूकंप होतात ते त्या खालच्यात.

कराडजवळ हजारमाचीला यासाठी वेगळी प्रयोगशाळा उभी राहिली, बोअरहोल जिओफिजिक्स रिसर्च लॅबोरेटरी, थेट मंत्रालयाची. आणि डिसेंबर २०१६ मध्ये गोठणे गावात ३ किलोमीटरचं पायलट, म्हणजे आधी चाचणीसाठीचं, बोअर सुरू झालं, जून २०१७ मध्ये पूर्ण झालं. कातळ १२४७ मीटरपर्यंत, पुढं सगळा जुना खडक. ज्या ताणाबद्दल पन्नास वर्षं गणितं मांडली तो ताण, ते तापमान, भेगांतलं पाणी, आता आत जाऊन मोजता येतं. हे मला खरंच मोठं वाटतं, कारण जगात भूकंपाच्या जागेजवळ जाऊन मोजणी करायच्या जागा फार थोड्या आहेत आणि त्यातली एक कराडवरून एसटीनं जाण्यासारखी आहे.

माझी तळमळीची मागणी एकच, हे सगळं पाटणच्या माणसापर्यंत मराठीत पोचलं पाहिजे. शोधनिबंध इंग्रजीत, अहवाल इंग्रजीत, आणि ज्याच्या घराची भिंत हलते त्याच्या हातात काय, तर भूकंपग्रस्ताचा दाखला आणि पेपरातल्या चार ओळी. शाळेतल्या पोरांना हजारमाचीला नेऊन ती कोअरची पेटी दाखवा, त्या तांबड्या थरावर हात ठेवू द्या. गोठण्याचं बोअर पायलट आहे, पुढचं त्याहून खोल जायचंय, हादरे होतात त्या भेगेच्या अगदी शेजारी यंत्र ठेवायचंय, आणि त्या भेगेच्या वर ज्यांची घरं आहेत ती पोरं तोपर्यंत मोठी होतील.