ॲरिझोनाचं ईएसए खातं: घरी शिकवणाऱ्या पालकांनी अर्जाआधी वाचावं असं

ईएसए (एम्पॉवरमेंट स्कॉलरशिप अकाउंट) म्हणजे मुलाच्या शिक्षणासाठी अमेरिकेतलं ॲरिझोना राज्य पैसे जमा करतं ते खातं. ते म्हटलं की पालकांचा पहिला प्रश्न असतो, पैसे किती मिळतात? ॲरिझोनात विशेष गरजा नसलेल्या मुलाला वर्षाला साधारण ७,००० ते ८,००० डॉलर, किंडरगार्टनच्या (पहिलीच्या आधीच्या वर्गातल्या) मुलाला त्याच्या जवळपास निम्मे आणि दिव्यांग मुलाला निदानानुसार बरेच जास्त. पण माझ्या मते आधी दुसरं काहीतरी समजून घ्यावं. हे खातं घेतलं की कायद्याच्या लेखी तुमचं मूल 'होमस्कूल'मध्ये राहत नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तीच पुस्तकं, शिकवणारी तीच आई, पण कागदोपत्री ते ईएसएचं मूल ठरतं आणि तुम्ही राज्य शिक्षण खात्याशी करार केलेले पालक.

ही योजना २०११ मध्ये फक्त दिव्यांग मुलांसाठी सुरू झाली. मग एकेक गट वाढत गेला आणि २०२२ मध्ये राज्यातल्या किंडरगार्टन ते बारावीच्या सगळ्या मुलांना ती खुली झाली. उत्पन्नाची अट नाही, मूल आधी सरकारी शाळेत असलंच पाहिजे अशीही अट आता नाही. सरकारी शाळेत त्या मुलावर राज्याने जो निधी खर्च केला असता, त्याचा सुमारे ९० टक्के भाग दर तिमाहीला खात्यात जमा होतो.

खरी गोची होते ती अफिडेव्हिटची, म्हणजे प्रतिज्ञापत्राची. ॲरिझोनात नुसतं होमस्कूलिंग करायचं तर काउंटीच्या (जिल्ह्याच्या) शाळा अधीक्षकांकडे तसं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. फिनिक्स, चँडलर, गिल्बर्ट भागातल्यांसाठी ते मॅरिकोपा काउंटीचं कार्यालय. ईएसए घेताना हे प्रतिज्ञापत्र चालू ठेवता येत नाही, ते मागे घ्यावं लागतं. म्हणून क्रम महत्त्वाचा. मूल आत्ता सरकारी किंवा चार्टर (सरकारी पैशांवर पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या) शाळेत असेल तर ईएसएचा करार हातात येईपर्यंत त्याचं नाव काढू नका. अर्ज मंजूर व्हायला तीस दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो. मधल्या काळात मूल ना शाळेत, ना प्रतिज्ञापत्रावर, ना करारावर, अशी त्रिशंकू अवस्था झाली तर सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्याचं झंझट मागे लागतं.

अर्ज शिक्षण खात्याच्या पोर्टलवर, वर्षभर कधीही करता येतो. कागदपत्रं मोजकीच: मुलाचा जन्मदाखला, पालकाचं सरकारी ओळखपत्र आणि ॲरिझोनातल्या पत्त्याचा पुरावा, म्हणजे वीजबिल किंवा घराचा भाडेकरार. दिव्यांगत्वाच्या आधारावर जास्त रक्कम हवी असेल तर शाळेचा आयईपी (त्या मुलासाठी केलेला वैयक्तिक शिक्षण आराखडा) किंवा मूल्यमापन अहवालही लागतो. आपल्या मराठी घरांत अडतं ते नावांवर. अर्ज आईच्या नावाने, वीजबिल बाबांच्या नावाने; जन्मदाखल्यावर आईचं माहेरचं नाव, तर लायसन्सवर सासरचं. ज्याच्या नावावर पत्त्याचा पुरावा आहे त्यानेच अर्ज भरला तर अर्धी डोकेदुखी वाचते. नाव बदललेलं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला हाताशी ठेवा. जन्मदाखला गावाकडचा आणि फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर आधीच करून घेतलेलं बरं.

मंजुरीनंतर करारावर सही करायची. त्यात वाचन, व्याकरण, गणित, सामाजिक शास्त्र आणि विज्ञान हे विषय शिकवण्याची हमी तुम्ही देता. मुलाला पूर्णवेळ सरकारी शाळेत घालणार नाही, हेही त्यात येतं. खासगी शाळांसाठी मिळणारी करसवलतीवाली एसटीओ (स्कूल ट्युशन ऑर्गनायझेशन) शिष्यवृत्तीही सोबत घेता येत नाही.

पैसे तुमच्या बँकेत येत नाहीत, ते क्लासवॉलेट नावाच्या प्लॅटफॉर्मवरच्या खात्यात दिसतात. तिथल्या दुकानातून खरेदी करा, शिकवणीवाल्याला थेट पैसे द्या, किंवा आधी स्वतः भरून पावतीवर परत मागा. पावतीवर दुकानाचं नाव, तारीख, वस्तू आणि रक्कम स्पष्ट हवी. क्रेडिट कार्डाच्या स्टेटमेंटची ओळ पुरत नाही. अभ्यासक्रम, पुस्तकं, ऑनलाइन वर्ग, ट्युशन, थेरपी, परीक्षा शुल्क हे सगळं चालतं. ट्युशनवाल्याच्या शिक्षणाचा पुरावा जोडावा लागतो. स्वतःच्या मुलाला शिकवण्याचे पैसे मात्र पालकाला घेता येत नाहीत.

पूरक साहित्यावरून २०२४ मध्ये बराच वाद झाला. राज्याच्या ॲटर्नी जनरल (मुख्य कायदा अधिकारी) यांच्या कार्यालयाने बजावलं की अशा साहित्याचा अभ्यासक्रमाशी संबंध कागदावर दिसला पाहिजे. समजा, दुर्बीण घ्यायची आहे. नुसतं 'विज्ञानासाठी' लिहून भागणार नाही. ज्या अभ्यासक्रमात ग्रहताऱ्यांचा पाठ आहे, त्याचं साहित्याची यादी असलेलं पान जोडा. खरेदी आधी मंजूर झाली तरी नंतर तपासणीत नाकारली जाऊ शकते आणि मग रक्कम परत भरावी लागते. त्यामुळे प्रत्येक मुलाची वेगळी फाइल ठेवा, त्यात पावतीमागे ते पान.

दुसऱ्या राज्यातल्या मैत्रिणीचा सल्ला जसाच्या तसा घेऊ नका, कारण प्रत्येक राज्याचं गणित निराळं आहे. फ्लोरिडात घरी शिकवणाऱ्यांसाठी पीईपी (पर्सनलाइज्ड एज्युकेशन प्रोग्रॅम) नावाची वेगळी शिष्यवृत्ती २०२३ पासून आहे. तिथे मुलाची शिक्षण योजना द्यावी लागते आणि दरवर्षी प्रमाणित परीक्षा सक्तीची आहे. ॲरिझोनाच्या ईएसएला अशी परीक्षा नाही. टेक्सासचा कायदा २०२५ चा, योजना २०२६-२७ या शालेय वर्षापासून. तिथे घरी शिकणाऱ्या मुलाला जास्तीत जास्त २,००० डॉलर आहेत. ॲरिझोनाचे आकडे ऐकून टेक्सासमध्ये हिशेब मांडणाऱ्यांचा हमखास विरस होतो.

ॲरिझोनात वर्षाअखेरीस उरलेली रक्कम पुढच्या वर्षी सरकते. बारावीनंतर ती कॉलेजसाठीही वापरता येते, त्यामुळे जून आला म्हणून घाईघाईत खर्च करायची गरज नाही. नोकरी बदलून दुसऱ्या राज्यात किंवा कायमचं भारतात परतणार असाल, तर मात्र शिक्षण खात्याला कळवून खातं बंद करा. उरलेले पैसे सोबत नेता येत नाहीत, ते राज्याकडे परत जातात. मूल पुन्हा सरकारी शाळेत घालायचं ठरलं तरी हेच: आधी खातं बंद, मग प्रवेश.