वावरातल्या मातीत चुंबक फिरवा

चौथीला चुंबक शिकवताना मी पुस्तक नंतर उघडतो. आधी पोरांना सांगतो, वावरातली मूठभर माती आणा. ती वाळवून कागदावर पसरायची आणि बंद पडलेल्या स्पीकरमधलं चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिच्यावरून फिरवायचं. पिशवीला काळी बारीक कुसं फुटतात. "सर, माती चिपकली! वावरात लोखंड हाय का जी?"

हाय. यवतमाळ, अमरावती, अकोल्याकडची काळी माती बेसाल्ट खडक झिजून झाली आहे. त्या खडकात मॅग्नेटाइट हे लोहखनिज असतं, आणि खडक झिजला तरी त्याचे बरेच कण टिकून राहतात. नाल्याच्या पाण्यानं हलकी रेती पुढं नेलेली असते, तिथं ते जास्त सापडतात. (पिशवी विसरू नका. उघड्या चुंबकाला लागलेले कण काढता काढता तास संपतो. पिशवीतून चुंबक काढलं की ते आपोआप गळतात.)

मग घरातल्या वस्तू. विळा, तवा, रुपयाचं नाणं चिकटतं. तांब्याचा गडवा चिकटत नाही. पोरं अडतात स्टीलच्या ताटापाशी. स्टीलमध्ये बहुतेक लोखंडच, तरी पुष्कळ ताटांना चुंबक लागत नाही, कारण निकेल किंवा मँगनीज पुरेसं मिसळलं की लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलते. म्हणून 'चुंबक लोखंडाला ओढतं' एवढंच पाठ करून घेणं मला पटत नाही.

स्पीकरचं चुंबक कड्यासारखं असतं. पुस्तकातल्या पट्टीला टोकं आहेत; याचे ध्रुव कुठं? पोरं कडेवर शोधतात. ते असतात दोन सपाट बाजूंवर. कडं दोऱ्यानं उभं टांगलं की हेलकावत हेलकावत एक सपाट बाजू उत्तरेकडे तोंड करून थांबते.

एकदा असं कडं पडून दोन तुकडे झाले. एका पोरीनं ते होते तसेच जोडायला घेतले, तर ते एकमेकांना ढकलू लागले! एक तुकडा उलटा केला आणि खटकन जुळला. प्रत्येक तुकड्याला आपले दोन ध्रुव असतात. मूळ जागी ठेवले की उत्तरेशेजारी उत्तर येते, दक्षिणेशेजारी दक्षिण. ठरवून इतका चांगला प्रयोग मला सुचला नसता.

धुऱ्यावरच्या काळ्या दगडातही हेच कण आहेत. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा निवत गेला, 580 अंश सेल्सिअसच्या खाली उतरला, तशी त्यांनी पृथ्वीच्या तेव्हाच्या चुंबकक्षेत्राची दिशा आणि कल, म्हणजे जमिनीशी असलेला तिरकेपणा, धरून ठेवला. 1950 च्या दशकात दख्खनच्या दगडांवर ही मोजणी झाली. दिशा बऱ्याच ठिकाणी आजच्या उलट निघाली, कारण तेव्हा पृथ्वीचे चुंबकीय ध्रुवच उलटे होते. कल विषुववृत्तापासूनच्या अंतराप्रमाणे बदलतो; त्यावरून कळलं, की हा लाव्हा वाहिला तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता.

हे ऐकून दोघंतिघं मधल्या सुट्टीत धुऱ्यावरचा दगड घेऊन येतात. टांगलेल्या चुंबकाजवळ हळूच नेतात. चुंबक किंचित दगडाकडे वळतं.