स्मारकावर कोणाचं नाव येतं? नागपूर, कामठी आणि सैनिकांच्या आठवणीची दोनशे वर्षं

नागपूर रेल्वे स्टेशनाला लागून असलेली सीताबर्डीची टेकडी वर्षभर लष्कराच्या ताब्यात असते. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट या तीन दिवशी किल्ला लोकांसाठी उघडतात आणि सकाळपासून फाटकाशी रांग लागते. लोक पोराबाळांना घेऊन वर चढतात, तोफा बघतात, तटावरून शहर बघतात. वर इंग्रजांच्या कबरी आहेत. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला इथे ईस्ट इंडिया कंपनी आणि नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसले यांच्यात लढाई झाली, तीत पडलेल्या कंपनीच्या माणसांच्या त्या कबरी. दोनशे वर्षांनंतरही त्या जपल्या आहेत, आणि जपल्या पाहिजेतच. पण त्याच उतारावर भोसल्यांकडून जे पडले, त्यांचं काय झालं, हा प्रश्न तिथे उभं राहिल्यावर मनात येतोच.

भोसल्यांच्या फौजेत स्थानिक मराठी शिपायांच्या जोडीला अरब पायदळ होतं. धाकटी टेकडी त्यांनी घेतलीसुद्धा होती. कॅप्टन फिट्झजेराल्डच्या घोडदळाने हल्ला चढवला आणि पारडं फिरलं. भोसल्यांचा पराभव झाल्यावरही अरबांनी शहर सोडलं नाही. आज आपण ज्याला गांधी गेट म्हणतो त्या जुम्मा दरवाज्यावर कंपनीने डिसेंबरात हल्ला केला, तो त्यांनी परतवून लावला आणि महिनाअखेरीस अटी ठरवूनच बाहेर पडले. भोसल्यांचा सेनानी मनभट याच्यासारखी दोन-चार नावं बखरी आणि कागदपत्रांत राहिली. बाकी शिपाई कोण, कुठल्या गावचे, त्यांच्या मागे कोण होतं, याची नोंद उरलेली नाही. ज्याची फौज हरली त्याचा दफ्तरखानाही हरतो.

याच किल्ल्यात आणखी एक जागा आहे. १८५७ च्या जूनमध्ये नागपुरातही उठावाचा बेत शिजला होता, टाकळीला असलेल्या कंपनीच्याच घोडदळाने त्यात भाग घ्यायचा होता. बेत फुटला. टिपू सुलतानचा नातू म्हणून सांगितला जाणारा नवाब कादर अली आणि त्याचे आठ साथीदार यांना फाशी दिलं गेलं. नऊ जणांची ती कबर नऊ गजांची, म्हणून लोकांनी तिला नवगजा अली बाबा हे नाव दिलं. सरकारदरबारी गुन्हेगार ठरलेल्या माणसांची आठवण लोकांनी पिराच्या रूपात टिकवली. सरकारी दगड मिळत नाही तिथे लोक आपली सोय अशी लावतात.

सैनिकांच्या सन्मानाचा इतिहास सांगताना आपण सहसा स्मारकांपासून सुरुवात करतो. माझ्या मते तो भरतीच्या रांगेपासून सांगायला हवा. शिपाई म्हणून कोणाला उभं राहू दिलं, यावर पुढे दगडावर कोणाचं नाव कोरलं जाईल हे ठरत आलं आहे. आणि हे समजायला नागपूरपासून पंधरा-सोळा किलोमीटरवरच्या कामठीइतकी चांगली जागा दुसरी नाही.

कामठीची छावणी १८२१ मधली, कन्हान नदीच्या काठावरची. तिच्याच आसपासच्या काळात पुण्याजवळ कोरेगाव भीमाला कंपनीने एक स्तंभ उभारला. १ जानेवारी १८१८ च्या लढाईतल्या शिपायांची नावं त्यावर कोरली. एकूण ४९ नावं, त्यांपैकी २२ महार शिपायांची. साध्या शिपायाचं नाव दगडावर येणं ही तेव्हा आपल्याकडे अगदी नवी गोष्ट होती. गावात ज्यांना वेशीबाहेर राहावं लागत होतं, त्यांची नावं एका लष्करी स्तंभावर आली, हे या समाजाच्या पुढच्या पिढ्या कधी विसरल्या नाहीत.

आणि मग दार बंद झालं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजांनी लढाऊ जातींचा सिद्धांत काढला, म्हणजे ठरावीक जातीच लढण्यालायक असं ठरवलं, आणि १८९२ च्या सुमारास महारांची भरती थांबवली. ज्या घरांत दोन-दोन पिढ्या सुभेदार-जमादार झाले, त्या घरच्या पोरांना भरतीच्या मैदानातून परत पाठवायला लागले. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी त्याविरुद्ध अर्ज केला, पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी केले. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडायला लागली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली, आणि गरज संपताच १९२१ मध्ये मोडली. बाबासाहेब आंबेडकर सुभेदार रामजींचे चिरंजीव, त्यामुळे हा अन्याय त्यांना घरातूनच माहीत होता. १ जानेवारी १९२७ ला ते कोरेगावच्या स्तंभापाशी गेले. १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर त्यांची नेमणूक झाली, त्यांनी हा विषय लावून धरला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. दुसरी बटालियन उभी राहिली जून १९४२ मध्ये, आपल्या कामठीला. रेजिमेंटच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. १९४६ मध्ये रेजिमेंटचं केंद्रही कामठीला आलं. पुढे ते सागरला गेलं. नागपूर म्हटलं की दीक्षाभूमी आठवते, ते योग्यच आहे. पण त्याआधी चौदा वर्षं याच परिसरात तो बिल्ला टोपीवर लावून उभे राहिलेले जवानही आपल्या इतिहासात आहेत. त्यांचा उल्लेख फार क्वचित होतो, याची खंत वाटते.

स्वातंत्र्यानंतर कामठीने याची दुसरी बाजूही पाहिली. १९४९ मध्ये पहिले भारतीय लष्करप्रमुख जनरल करिअप्पा यांच्या पुढाकाराने ब्रिगेड ऑफ द गार्ड्स ही रेजिमेंट तयार झाली. जात, धर्म, प्रांत न पाहता देशभरातून जवान घ्यायचे, असं तिचं सुरुवातीपासूनचं धोरण. 'पहला हमेशा पहला' हे तिचं ब्रीद. तिचं रेजिमेंटल सेंटर आज कामठीला आहे. १९७१ च्या युद्धात आगरतळ्याजवळ गंगासागरच्या लढाईत बंकरमागून बंकर निकामी करत जाणारे लान्स नायक अल्बर्ट एक्का याच रेजिमेंटच्या १४ व्या बटालियनचे. झारखंडातल्या गुमला भागातले आदिवासी कुटुंबातले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. पूर्व आघाडीवरचं त्या युद्धातलं हे एकमेव परमवीर चक्र.

पण एक्कांचं पार्थिव घरी आलं नाही. ते त्रिपुरातच राहिलं आणि तिथली माती त्यांच्या गावी पोचायला चाळीसहून जास्त वर्षं गेली. यात वेगळं काही घडलं नव्हतं, तेव्हाची रीतच ती होती. १९६२, १९६५, १९७१, तिन्ही युद्धांत बहुतेक जवानांवर रणभूमीजवळच अंत्यसंस्कार झाले. घरी आली ती तार, आणि नंतर कधीतरी जवानाचं सामान. विदर्भातल्या खेड्यांत अशा तारा आलेल्या घरांत जाऊन बसलं की कळतं, बाईने कपाळ पुसलं तरी मन वर्षानुवर्षं फाटकाकडे लागलेलं असे.

१९९९ च्या कारगिल युद्धात हे बदललं. पार्थिव घरी पाठवायचं ठरलं आणि त्याबरोबर देशात शहिदांना निरोप देण्याची पद्धतच बदलली. आता विदर्भातला जवान गेला की पार्थिव विमानाने नागपूरला येतं, लष्कराचे आणि प्रशासनाचे अधिकारी पुष्पचक्र वाहतात, तिथून गाडी गावाकडे निघते. वाटेत प्रत्येक फाट्यावर लोक उभे असतात. गावात शाळेच्या मैदानावर चौथरा बांधून ठेवलेला असतो. जवान शोकशस्त्र करतात, हवेत फैरी झडतात, बिगुल वाजतो. चितेआधी पेटीवरचा तिरंगा काढून, घडी करून बायकोच्या किंवा आईच्या हातात देतात. नोव्हेंबर २०२० मध्ये ऐन दिवाळीत काश्मीरच्या गुरेझ भागात काटोलचा जवान धारातीर्थी पडला तेव्हा करोनाचे दिवस असूनही माणसं घरात थांबली नाहीत. शोक सगळ्या गावाचा झाला, हे मला कारगिलनंतरचं सगळ्यांत मोठं परिवर्तन वाटतं.

युद्धाबाहेरचे मृत्यू मात्र अजूनही लवकर विस्मरणात जातात. ३१ मे २०१६ ला मध्यरात्रीनंतर वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात भूसुरुंग ठेवलेल्या शेडला आग लागली. दोन लष्करी अधिकारी आणि भांडाराच्या अग्निशमन दलातली अनेक माणसं त्यात गेली. आग पसरली असती तर आसपासची गावं राहिली नसती, हे ठाऊक असून ते आत गेले. समोर शत्रू नव्हता, म्हणून त्यांचं काम लहान ठरत नाही.

हयात सैनिकांच्या सन्मानाची गोष्ट वेगळ्या वाटेने आली आहे. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांच्या प्रश्नांसाठी १९१९ मध्ये इंडियन सोल्जर्स बोर्ड स्थापन झालं. आजचं केंद्रीय सैनिक बोर्ड आणि जिल्ह्याजिल्ह्यातली सैनिक कल्याण कार्यालयं ही त्याचीच पुढची रूपं. जुने लोक अजूनही 'सैनिक बोर्डात जाऊन येतो' असंच म्हणतात. इंग्रजी अमलात ११ नोव्हेंबरला कागदी पॉपीची फुलं विकून निधी गोळा होई आणि तो मुख्यतः ब्रिटिश माजी सैनिकांकडे जाई. देणगी इथल्या लोकांची, उपयोग तिकडच्यांना. १९४९ पासून ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन पाळायला लागलो तेव्हा ही विसंगती संपली. लाल, गडद निळा आणि फिका निळा अशा तीन पट्ट्यांचा तो छोटा ध्वज शाळेत असताना आपण सगळ्यांनी खिशाला लावला आहे. महाराष्ट्रात दर डिसेंबरला जिल्हाधिकाऱ्यांच्या हस्ते संकलनाचा शुभारंभ होतो आणि खात्याखात्याला इष्टांक ठरवून दिला जातो. त्या पैशांतून वीरपत्नींना मदत, मुलांना शिष्यवृत्ती आणि सैनिकी वसतिगृहं चालतात. २०१६ पासून १४ जानेवारी हा माजी सैनिकांचा दिवसही पाळला जातो. १९५३ मध्ये करिअप्पा याच दिवशी निवृत्त झाले होते.

दिवस पाळणं सोपं, हक्क मिळणं अवघड. समान पद आणि समान सेवा असेल तर निवृत्ती कधीची का असेना, पेन्शन सारखंच हवं, या साध्या मागणीसाठी माजी सैनिकांना २०१५ मध्ये जंतरमंतरवर बसावं लागलं. 'वन रँक वन पेन्शन' त्यानंतर जाहीर झालं आणि १ जुलै २०१४ पासून लागू धरलं गेलं. शौर्यपदक मिळालेल्या जवानाच्या पत्नीला पदकाचा भत्ता पुनर्विवाहानंतर चालू ठेवायचा असेल तर तिने दिराशीच लग्न करावं, अशी अट नियमांत होती. ती २०१७ मध्ये काढली गेली. इतकी वर्षं ती अट राहिली कशी, याचं उत्तर आपण समाज म्हणूनही द्यायला हवं, कारण आपल्याही घरांत हाच विचार होता. महाराष्ट्राने २०२० मध्ये माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना मालमत्ता कर माफ केला, तो निर्णय चांगलाच.

तरी सैनिक कल्याण कार्यालयाच्या बाकावर तासभर बसून पाहावं. समोरची म्हातारी पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं डिस्चार्ज बुक काढते. त्यात तिचं माहेरचं नाव, पेन्शनच्या कागदावर सासरचं, आधारवर स्पेलिंग तिसरंच. नवऱ्याने नोकरीत असताना लग्नाची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे लष्करी दफ्तरातली नोंद, करून घेतली नसेल तर ती त्याची बायको होती हेच आधी सिद्ध करावं लागतं. नोव्हेंबर आला की हयातीच्या दाखल्याची धावपळ, अंगठा यंत्रावर उमटत नाही म्हणून पुन्हा चकरा. तिथला बाबू बहुधा स्वतःच माजी सैनिक असतो. तो 'बसा आई, करून देतो' म्हणतो आणि खरंच करून देतो.

दिल्लीत २५ फेब्रुवारी २०१९ ला राष्ट्रीय युद्ध स्मारकाचं उद्घाटन झालं. स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या पंचवीस हजारांहून जास्त जवानांची नावं तिथे ग्रॅनाइटवर एकेक करून कोरली आहेत. पद आणि नाव. जात नाही, प्रांत नाही. सीताबर्डीवर पडलेल्या बिननावाच्या शिपायांपासून इथवर यायला दोनशे वर्षं लागली.

आणि नेमक्या याच टप्प्यावर भरतीचे नियम पुन्हा बदलले आहेत. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षांची सेवा, त्यानंतर २५ टक्क्यांपर्यंत जवान कायम, बाकीच्यांना एकरकमी सेवा निधी. पेन्शन नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचिनमध्ये कर्तव्यावर असताना जे अग्निवीर गेले, ते विदर्भातलेच, बुलढाणा जिल्ह्यातले. त्यांना लष्करी इतमामात निरोप मिळाला, विम्याची आणि सानुग्रह रक्कमही नियमात आहे, मात्र आई-वडिलांना कायमचं कौटुंबिक पेन्शन त्या नियमात नाही. पहिल्या तुकडीची चार वर्षं २०२६ च्या अखेरीपासून भरत जातील. गणवेश उतरवून ही पोरं हिंगणा, कळमेश्वर, उमरेडच्या आपापल्या गावी परततील, तेव्हा सैनिक बोर्डाच्या रजिस्टरात त्यांच्यासाठी रकाना असावा, अशी मागणी आत्ताच, ती परतण्याआधी व्हायला हवी.