एसएसबीतून परत पाठवलं म्हणजे दार बंद?

"एकदा एसएसबीतून परत आलास की नावावर शिक्का बसतो, पुन्हा घेत नाहीत." एसएसबी म्हणजे सैन्यदलांसाठी अधिकारी निवडणारं मंडळ; तिथून परतलेल्या कितीतरी पोरांना हे घरीच ऐकवलं जातं. साफ खोटं आहे. वय आणि पात्रता बसते तोवर कितीही वेळा जा. एसएसबीच्या आधीच्या एनडीए, सीडीएस या लेखी परीक्षा वर्षातून दोनदा होतात. एसएसबीच्या शेवटच्या दिवशी आपला चेस्ट नंबर पुकारला जात नाही आणि छातीवरचं ते नंबराचं कापड उतरवताना हात जड होतात, हे खरंच. पण आधीचे प्रयत्न माहितीच्या फॉर्ममध्ये बिनधास्त लिहा, लपवू नका. मेडिकलमध्ये तात्पुरते अपात्र ठरलात, तर ४२ दिवसांत अपील मेडिकल बोर्डापुढे जाता येतं. कितीही वेळा जाण्याला अपवाद एकच: हवाई दलाच्या वैमानिकपदासाठीची सीपीएसएस चाचणी. तीत नापास झालात, तर ती पुन्हा देता येत नाही.