कोरियन टाइप करायला कोरियन कीबोर्ड लागत नाही

कणकवलीत एका कॉम्प्युटरच्या दुकानात कॉलेजातली एक मुलगी कोरियन कीबोर्ड मागत होती. के-ड्रामाचं वेड एसटी जाते तिथवर पोचलंय, त्यामुळे मागणीचं नवल नाही. दुकानदार म्हणाला, "मुंबयसून मागवचो लागतलो गो."

काही मागवायला नको. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये भाषांच्या यादीत कोरियन जोडा, विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकदम दाबून भाषा बदला, इंग्रजी अक्षरंच उमटली तर उजवीकडचं ऑल्ट बटण दाबून कोरियनवर या, काम झालं. फॉन्ट आधीच आत असतो. जुन्या मशीनवर अक्षरांऐवजी चौकोन दिसले तरी मजकूर शाबूत असतो; फक्त त्या चिन्हांची चित्रं फॉन्टात नसतात.

खरी गंमत पुढे आहे. कोरियाचा राजा सेजोंग याच्या काळात, १४४३ साली तयार झालेली हांगुल ही कोरियन लिपी व्यंजन, स्वर आणि हवं तर शेवटी आणखी एक व्यंजन अशी एकाच चौकटीत रचते. सुरुवातीची व्यंजनं १९, स्वर २१, शेवटची २७. शेवटी काहीच नसण्याची सोय धरून २८. गुणाकार केला की ११,१७२ अक्षरं, म्हणजे एक अवाढव्य बाराखडीच. जगभरच्या अक्षरांना कॉम्प्युटरसाठी एकेक क्रमांक देणाऱ्या युनिकोडने १९९६ साली, दुसऱ्या आवृत्तीत, ती सगळी ४४,०३२ या क्रमांकापासून ओळीने मांडली. त्यामुळे क्रमांक पाठ नको, गणित पुरतं. शून्यापासून मोजलं तर 'हान' मधला ह १८वा, आ शून्यावर, शेवटचा न चौथा. १८ गुणिले २१, अधिक शून्य. त्याला २८ ने गुणा, ४ मिळवा: १०,५८८. त्यात ४४,०३२ मिळवले की ५४,६२०. हाच 'हान'.

आता हेच बोटांनी. इंग्रजी जी, के, एस दाबलं की 'हान' उमटतो. लगेच पुन्हा के, म्हणजे आ, दाबा. न टुणकन पुढे सरकतो आणि 'हाना' होतं. ५४,६२० पुसून ५४,६१६ आणि ४५,२०८ असे दोन क्रमांक बसलेले असतात. उलट आपल्या 'स्त्री'साठी सहा क्रमांक साठवले जातात आणि जोडाक्षर फॉन्ट घडवतो. शिवाय इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या कीबोर्ड-मांडणीत आपले स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. कोरियनमध्ये बरोबर उलट. टायपिंगची परीक्षा दिलेल्यांची बोटं सुरुवातीला अडखळणारच.

हे वाचून कुणी 'नासाने संस्कृतला कॉम्प्युटरची सर्वोत्तम भाषा ठरवलं' हा मेसेज पुढे ढकलू नये. त्याच्या मुळाशी १९८५ चा एका संशोधकाचा लेख आहे. नासाचा निर्णय वगैरे काही नाही. कॉम्प्युटरला कुठल्याच लिपीचं कौतुक नसतं.

चिनी-जपानीला मात्र हा गुणाकार चालत नाही. तिथे सहसा उच्चार टाइप करायचा, कॉम्प्युटर शब्दकोश चाळून त्याच उच्चाराची चिन्हं सुचवतो आणि त्यातलं नेमकं कुठलं हे आपणच निवडायचं. म्हणजे भाषा आधी यायला हवी.