निद्रानाश

निद्रानाश : झोपायला पुरेसा वेळ, जागा आणि शांतता असूनही झोप न लागणे, मध्येच मोडणे किंवा पहाटे फार लवकर जाग येऊन पुन्हा डोळा न लागणे, आणि त्याचा त्रास दुसऱ्या दिवशी कामात, चित्तवृत्तीत वा स्मरणात जाणवणे, या अवस्थेला निद्रानाश म्हणतात. व्याख्येतला पहिलाच भाग बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. रात्री बारापर्यंत मोबाइल पाहून पहाटेची लोकल पकडणाऱ्याची झोप अपुरी असते, पण त्याला निद्रानाश झालेला नसतो. तो गाडीत टेकला की पेंगतो. निद्रानाशाच्या रुग्णाला दुपारी आडवे केले तरी बहुधा झोप येत नाही. अंग थकलेले आणि डोके टक्क जागे, ही त्याची खरी तक्रार असते.

असा त्रास आठवड्यातून किमान ३ रात्री आणि किमान ३ महिने होत असेल, तर तो दीर्घकालीन मानतात. प्रौढांपैकी साधारण १० टक्के लोकांना तो असतो. स्त्रियांत आणि उतारवयात त्याचे प्रमाण अधिक आहे. परीक्षा, लग्नघर, आजारपण, घरातला मृत्यू अशा निमित्ताने चार-आठ रात्री झोपेचे खोबरे होणे ही वेगळी गोष्ट. ती बहुधा आपोआप निवळते.

‘नाश’ हा शब्द तसा अतिशयोक्त आहे. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही असे सांगणाऱ्याच्या मेंदूचा आलेख रात्रभर घेतला, तर त्यात कित्येकदा चार-पाच तासांची झोप सापडते. रुग्ण खोटे बोलत नसतो. हलक्या झोपेत आणि पुनःपुन्हा येणाऱ्या जागेत मधला काळ मनात नोंदला जात नाही, आणि सकाळी सगळी रात्र जागून काढल्यासारखी वाटते.

झोपेची घडण : पेंग, झापड, डुलकी, सावध झोप, गाढ झोप, साखरझोप हे मराठी शब्द प्रयोगशाळेतल्या आलेखाशी बऱ्यापैकी जुळतात. झोप सलग एकसारखी नसते. सुमारे ९० मिनिटांचे एक आवर्तन, अशी रात्रीत चार ते सहा आवर्तने होतात. गाढ झोपेचा मोठा वाटा रात्रीच्या पहिल्या तृतीयांशात उरकतो. पहाटेकडे स्वप्नांची झोप वाढत जाते. तिच्यात मिटल्या पापण्यांआड बुबुळे भराभर हलतात. शिकागो विद्यापीठात यूजीन असेरिन्स्की आणि नॅथनिएल क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये ही अवस्था प्रथम वर्णन केली. साखरझोप मोडल्यावर जे स्वप्न अर्धवट हातात राहते, ते याच काळातले. वय वाढते तशी गाढ झोप आटते आणि जाग वारंवार येते. आजोबांची झोप ‘सावध’ असते, एवढ्यावरून तिला रोग ठरवू नये.

झोप केव्हा यावी हे दोन यंत्रणा मिळून ठरवतात. अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये ही मांडणी केली. एक यंत्रणा भुकेसारखी आहे. जागेपणी मेंदूत अ‍ॅडिनोसीन हे द्रव्य साचत जाते आणि त्याबरोबर झोपेची ओढ वाढते. चहा-कॉफीतले कॅफीन अ‍ॅडिनोसिनच्या जागा अडवून बसते, म्हणून तरतरी येते. ती भूक मरत नाही, फक्त जाणवत नाही. कॅफीन शरीरातून निम्मे उतरायला साधारण पाच-सहा तास लागतात, त्यामुळे संध्याकाळी पाचचा चहा रात्री अकरालाही अर्धा शिल्लक असतो. ‘मला चहाने काही होत नाही, पिऊनसुद्धा झोपतो’ म्हणणाऱ्यांचीही गाढ झोप त्याने उथळ होऊ शकते.

दुसरी यंत्रणा घड्याळाची. मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणारे मज्जातंतू जिथे एकमेकांना छेदतात त्याच्या वर, सुमारे २०,००० पेशींचा एक पुंजका हे घड्याळ चालवतो. अंधार पडू लागला की त्याच्या इशाऱ्याने मेंदूतली पिनिअल ग्रंथी मेलाटोनिन हे रात्र झाल्याची वर्दी देणारे द्रव्य सोडते. हे संप्रेरक १९५८ मध्ये अमेरिकेत एरन लर्नर या त्वचारोगतज्ज्ञांनी गाई-बैलांच्या ग्रंथींतून वेगळे केले. ते त्वचेच्या रंगावर काम करत होते. झोप त्यांच्या डोक्यात नव्हती. माणसाचे हे घड्याळ चोवीस तासांहून किंचित लांब चालते आणि सकाळच्या उजेडाने ते रोज जुळवून घ्यावे लागते. सकाळी पडदे ओढून आत बसणारा आणि रात्री प्रखर पडद्याकडे पाहणारा माणूस आपले घड्याळ दोन्ही टोकांनी मागे लोटत असतो.

झोप मोडणारे आजार : निद्रानाश हा अनेकदा दुसऱ्या एखाद्या आजाराचा दरवाजा असतो. झोपेची गोळी मागायला आलेल्याला तीन-चार साधे प्रश्न विचारले, तर पुष्कळदा मूळ सापडते.

पहिला प्रश्न रुग्णाला नव्हे, घरच्यांना विचारायचा : घोरतात का? घोरणारा गाढ झोपतो, हा आपल्याकडचा पक्का गैरसमज आहे. निद्राश्वासरोधात, म्हणजे स्लीप अ‍ॅप्नियात, घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग बंद होतो. घोरणे अचानक थांबते, शेजारी झोपलेली व्यक्ती कान देऊन ऐकत राहते, आणि मग घुसमटल्यासारखा मोठा आवाज होऊन श्वास सुरू होतो. रात्रीत असे शेकडो वेळा होऊ शकते. रुग्णाला त्याचा पत्ता नसतो. त्याला आठवते ती सकाळची डोकेदुखी, कोरडा घसा आणि दिवसभराची झापड. काहींना, विशेषतः स्त्रियांना, फक्त ‘झोप सारखी मोडते’ एवढेच जाणवते. लठ्ठपणा, जाड मान आणि गोळ्यांना न जुमानणारा रक्तदाब या त्याच्या खुणा. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये नाकावाटे हवेचा सतत दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवण्याचा उपाय मांडला. आजचे सीपॅप यंत्र तेच. अशा रुग्णाने तपासणीविना झोपेची गोळी घेणे धोक्याचे असते, कारण अनेक शामक औषधांनी घसा आणखी सैल पडतो.

दुसरा आजार घरोघरी असतो आणि त्याला नाव मात्र क्वचित मिळते. अंथरुणावर पडले की पोटऱ्यांत ‘कसेतरीच’ होते, ओढल्यासारखे, आत काही वळवळल्यासारखे. पाय हलवले किंवा उठून चार पावले टाकली की बरे वाटते, पडले की पुन्हा सुरू. स्वीडनचे कार्ल-अ‍ॅक्सेल एकबोम यांनी १९४५ मध्ये याचे सविस्तर वर्णन केले आणि त्याला अस्वस्थ पायांचा विकार म्हटले. आपल्या घरांत यावर पाय चेपून देणे, पोटरीला ओढणीने आवळून बांधणे असे उपाय चालतात. मूळ पुष्कळदा लोहाच्या कमतरतेत असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या, हे लक्षात घेतले तर या तक्रारीकडे किती दुर्लक्ष होत असेल याची कल्पना येते. नुसते हिमोग्लोबिन पाहून भागत नाही. शरीरातला लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन तपासावे लागते, आणि ते प्रतिलिटर ७५ मायक्रोग्रॅमपर्यंत वा त्याखाली असले तर डॉक्टर लोह देण्याचा विचार करतात. जेवणावर लगेच घेतलेला चहा अन्नातले लोह शोषू देत नाही. म्हणजे चहा इथे दोन बाजूंनी झोपेच्या मुळावर येतो.

जळजळ हे तिसरे कारण. रात्री दहाला जेवून साडेदहाला आडवे झाल्यावर जठरातले आम्ल वर चढते. कोणाला छातीत जळते, कोणाला नुसता कोरडा खोकला येऊन जाग येते. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर, पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवून तो भाग १५-२० सेंटिमीटर उंच करणे आणि डाव्या कुशीवर झोपणे, हे उपाय कामी येतात. डाव्या कुशीवर असताना जठर अन्ननलिकेच्या खाली राहते. जेवणानंतरच्या वामकुक्षीतली ‘वाम’ कूस शरीररचनेच्या हिशेबाने बरोबर आहे.

लघवीसाठी दोन-तीनदा उठावे लागत असेल, तर मधुमेह आणि पुरुषांत प्रोस्टेटची वाढ तपासावी. पायांवर सूज असणाऱ्यांत दिवसभर खाली साचलेले पाणी आडवे झाल्यावर रक्तात परतते आणि मूत्रपिंडांना रात्रपाळी लागते. रक्तदाबासाठी दिलेली ‘पाण्याची गोळी’ संध्याकाळी घेतली जात असेल, तर डॉक्टरांना विचारून ती सकाळी घेतल्याने झोप सुधारलेली दिसते. दम्याचा जोर पहाटे वाढतो. थायरॉइड वाढल्यास धडधड आणि घाम यांनी झोप उडते. पाळी जाण्याच्या वयात रात्री येणाऱ्या गरम वाफा तेच करतात. प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइडे आणि काही नैराश्यरोधकेही जागे ठेवतात. चिंतेत बहुधा झोप लागत नाही. नैराश्यात पहाटे तीन-चारला जाग येते आणि दिवसातला सर्वांत काळा तास तोच असतो. आधी मन खचते म्हणून झोप जाते, की झोप जाते म्हणून मन खचते, याला एकच उत्तर नाही. दोन्ही घडते. मरणाचे विचार येत असतील तर थांबू नये. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे.

निद्रानाश मुरतो कसा : मूळ कारण गेले तरी झोप परतत नाही, असे पुष्कळांचे होते. आर्थर स्पीलमन या मानसशास्त्रज्ञांनी याचे उत्तर रुग्णाच्याच धडपडीत दाखवले. समजा, निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. काल झोप झाली नाही म्हणून ते आज साडेनऊलाच अंथरुणावर पडतात. कूस बदलत, घड्याळ पाहत बारा वाजतात. तीनला जाग, पुन्हा तळमळ. सकाळी सातपर्यंत ‘निदान पडून तरी राहावे’. दुपारी भरपाई म्हणून दीड तास. साडेनऊ तास अंथरुणावर आणि त्यात झोप साडेपाच तास, म्हणजे ५८ टक्के. काही महिन्यांत अंथरूण ही जागरणाची जागा होऊन बसते. हेच गृहस्थ दिवाणखान्यात बातम्या पाहताना खुर्चीत घोरतात आणि आत जाऊन पाठ टेकली की टक्क जागे होतात.

उपाय उलट्या दिशेने जातो. रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये सांगितलेला नियम असा : झोप आली तरच अंथरुणावर जावे, अंदाजे वीस मिनिटांत न लागल्यास उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणे करावे, अंथरुणात जेवण, हिशेब, मोबाइल नको, आणि रात्र कशीही गेली तरी उठण्याची वेळ तीच. त्याला स्पीलमन यांनी १९८७ मध्ये निद्रामर्यादेची जोड दिली. वरच्या गृहस्थांना दुपारची झोप बंद करून रात्री साडेबारा ते सकाळी सहा एवढेच अंथरूण मिळेल. पहिला आठवडा वाईट जातो आणि बहुतेक जण तिथेच सोडतात. टिकले तर झोप दाट होते, आणि अंथरुणावरच्या वेळेपैकी ८५ टक्के झोप होऊ लागली की दर आठवड्याला १५ मिनिटे वाढवतात. अपस्मार (फिट येण्याचा आजार), द्विध्रुवी विकार (मन कधी अति उत्तेजित, कधी खचलेले) किंवा वाहन चालवण्याचे काम असणाऱ्यांनी हे स्वतःच्या मनाने करू नये. याला विचारांवरच्या कामाची जोड देऊन जी पद्धत बनली, ती सीबीटी-आय, म्हणजे निद्रानाशासाठीची विचार-वर्तन उपचारपद्धती. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये प्रौढांच्या दीर्घकालीन निद्रानाशात गोळ्यांच्या आधी हीच वापरावी असे सांगितले. ती शिकवणारे आपल्याकडे मोठ्या शहरांबाहेर विरळच, म्हणून व्यवहारात चिठ्ठीवर गोळी येते.

औषधे : बार्बिटोन हे बार्बिट्युरेट गटातले झोपेचे औषध १९०३ मध्ये आले आणि पुढच्या अर्धशतकात बार्बिट्युरेटांनी अनेक जीव घेतले. १९६० पासून बेंझोडायझेपिने आली. ती अधिक सुरक्षित, पण सवय लावणारी आहेत. त्यांतल्याच अल्प्राझोलामची पाव गोळी वर्षानुवर्षे घेणारे ज्येष्ठ नागरिक गल्लोगल्ली भेटतात. रात्री तोल जाऊन पडणे आणि विसरभोळेपणा हे त्याचे मोल. अशी गोळी एकदम बंद केल्यास फिट येऊ शकते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावी लागते. दारूने झोप लवकर लागते खरी, पण उत्तररात्री ती मोडते.

परंपरेतले उपाय : चरकसंहितेने आहार आणि ब्रह्मचर्य यांच्या बरोबरीने निद्रेला शरीराचा उपस्तंभ, म्हणजे आधाराचा खांब, म्हटले. सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात झोप येण्यासाठी अभ्यंग, स्नान, दहीभात, दूध, मनाला सुख आणि आवडते गंध-ध्वनी सांगितले आहेत. दिवसाची झोप मात्र सर्वसाधारणपणे उन्हाळ्यापुरतीच मान्य केली आहे. सर्पगंधेचे मूळ पूर्वी झोपेसाठी आणि उन्मादावर देत. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी तिच्या रक्तदाबावरील परिणामाचा निबंध १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केला आणि ती जगभर गेली. तिच्यातल्या रेसर्पिनने नैराश्य येऊ शकते, म्हणून घरगुती उपाय म्हणून ती घेऊ नये.

काशाच्या वाटीने तळपायांना तूप किंवा तेल चोळणे हा महाराष्ट्रातला जुना रिवाज. काशाच्या अंगच्या गुणांबद्दल जे सांगितले जाते त्याला आधार नाही, पण कोमट पायांना आहे. तळहात-तळपायांच्या रक्तवाहिन्या रुंदावल्या की शरीराच्या गाभ्यातली उष्णता बाहेर पडते, आणि गाभा थंड होऊ लागला की झोप येते; स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील संशोधकांनी हे १९९९ मध्ये दाखवले. झोपण्यापूर्वी तासभर आधी कढत पाण्याने अंघोळ केल्याचा फायदाही असाच होतो.

जायफळ उगाळून दुधातून देणे तर सर्वांना ठाऊक आहे. गंमत अशी की वेलदोडा-केशराबरोबर तेच जायफळ कोजागरीच्या आटीव दुधातही पडते, आणि ते दूध लोक मध्यरात्रीपर्यंत जागण्यासाठी पितात. सहाणेवर दोन-तीन वळसे एवढी मात्रा निरुपद्रवी; अख्खे जायफळ पोटात गेले तर मळमळ, धडधड आणि भ्रम होऊन रुग्णालय गाठावे लागते. लहान मुलांना झोपवण्यासाठी ते देऊ नये.